कातळबंदरच्या आयांचा आकडा

फोन वाजू लागला तशी सरयूनं वात तेलात बुडवली आणि ती निरांजन घेऊन तुळशीकडे निघाली. अंगणात पोचते न पोचते तोच मागून अंकुशची हाक आली.

“अगं, शलाका आहे! आज तरी ये.”

“दिवा लावतेय.”

“दिवा काय पळून चाललाय?”

ती वळली नाही. दिवा लावून कट्ट्यावर टेकली आणि नाम घेऊ लागली. खिडकीतून लेकीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण चढउतार कळत होते. आता ती विचारत असेल, आई कुठंय. आता हे सांगत असतील, पूजेला बसलीय. मन तिकडे धावलं. धावणाऱ्या मनाला मारून आणायचं नसतं, नुसतं नामाकडे वळवायचं असतं, हे तिला तिच्या आईनं लहानपणीच शिकवलं होतं. तिनं वळवलं. थोड्या वेळानं आवाज म्हणजे नुसता आवाज उरला, वाऱ्यानं माडाच्या झावळ्या हलाव्यात तसा.

तिच्या डाव्या मनगटावर एक राखाडी पट्टा होता. त्याच्यावरचा हिरवा ठिपका क्षणभर थरथरला आणि स्थिर झाला.

अंकुश बाहेर आला. “सातवा लागला तिला. विचारत होती, आई माझ्यावर रागावलीय का. काय सांगू मी?”

“सांगा, रागावले नाही.”

“मग बोल ना तिच्याशी!”

सरयूनं तुळशीला नमस्कार केला आणि ती भात लावायला आत गेली.

*

सेलाव बेटानं सागरसंघातून बाहेर पडायचं ठरवलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि अजून त्याला बाहेर पडता येत नव्हतं. चूल वेगळी मांडायची म्हणून भाऊ भांडावेत आणि मग लक्षात यावं की विहीर एकच आहे, तसं झालं होतं. समुद्राखालून येणारी वीज संघाची, बंदरांचे कायदे संघाचे, मासेमारीचं पाणी सगळ्यांचं. आणि समोरच्या, संघातच राहिलेल्या तिरेन बेटावर सेलावच्या कितीतरी लेकी दिलेल्या. मधल्या पाण्याला खरं तर मोठं नाव होतं, पण कातळबंदरचे लोक त्याला ‘मधलं पाणी’च म्हणत. चार पिढ्यांपूर्वी कोकणातून इथं दगड फोडायला आलेल्यांची ही वस्ती. पलीकडे दिसतं ते आपलंच, असं समजून त्यांनी सोयरिकी केल्या होत्या. सकाळच्या बोटीनं जावं, लेकीकडे जेवावं, संध्याकाळी परत यावं.

बोलणी तीनदा फिसकटली. तिसरी मुदत उलटली त्या दिवशी बोटी बंद झाल्या, कारण कुठल्या कायद्यानं सोडायच्या तेच कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर बारा वर्षांनी दिवस राहिलेली शलाका पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. ती तिकडेच अडकली.

अंकुश बोटींची इंजिनं दुरुस्त करी. त्यानं बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं होतं. संघाचे मोठाले ट्रॉलर येऊन समुद्र खरवडून नेत आणि गावातल्या होड्या किनाऱ्यावर वाळत पडत, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

“मी मासळीसाठी मत दिलं होतं,” तो आता म्हणे. “लेकीसाठी नव्हतं दिलं.”

“मतपत्रिकेवर दोन खानेच होते,” सरयू हळूच म्हणे. यापलीकडे तिनं त्याला कधी टोचलं नाही.

*

ओढमापक आला तो या गुंत्यातून वाट काढायला.

वाटाघाटीत खरं कुणीच बोलत नाही, ही मूळ अडचण होती. जे नको असतं तेही हवंच म्हणून धरून ठेवायचं, म्हणजे सोडताना बदल्यात काही मागता येतं. दोन्ही बाजूंनी सगळ्याच गोष्टी प्राणाहून प्रिय म्हणून सांगितल्या होत्या. लोकांना विचारावं, तर लोकही पुढाऱ्यांचीच वाक्यं बोलत.

पण शरीर असं बोलत नाही. आवडती गोष्ट हातातून जाणार असं दिसलं, की मनाला कळायच्या आधी, अर्ध्या क्षणात, शरीर ती धरू पाहतं. दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, त्वचेला किंचित ओल सुटते, मनगटाकडे येणाऱ्या नसांमधून पकड घट्ट करण्याचा एक पुसटसा संदेश जातो. हात मात्र हलत नाही. हा संदेश पकडणारे संवेदक आता पट्ट्यात मावतील इतके लहान झाले होते. राग, भीती, श्रम यांच्या खुणा वेगळ्या. त्या वजा करता येत. उरते ती ओढ. माणूस नेहमीचं जगत असताना पट्टा काही आठवडे बांधला, की तो कशाला किती धरून आहे याचा आकडा मिळे.

दोन्हीकडची काही हजार घरं चिठ्ठ्या टाकून निवडली गेली. घरटी एक माणूस. ज्या गोष्टीची ओढ कमी ती सोडायची, जिची जास्त ती राखायची, आणि सगळी अदलाबदल यंत्रानं जुळवायची. निघेल त्या करारावर जसाच्या तसा शिक्का मारायचा, असं दोन्ही संसदांनी आधीच लिहून दिलं. नाहीतर पुन्हा घासाघीस सुरू झाली असती.

कातळबंदरात सरयूचीही चिठ्ठी निघाली. पट्टा बांधायला सुनेत्रा नावाची अधिकारी आली. पस्तिशीची, राजधानीत वाढलेली, मराठी बोले पण शब्द शोधत.

“काकू, तुम्ही फक्त नेहमीसारख्या राहा. मुद्दाम काही केलं तर ते यंत्राला कळतं.”

“पोरीचं नाव निघालं की जरा कळवळ,” अंकुशनं मध्येच सुचवलं.

“काका!” सुनेत्रा हसली.

“खोटं कशाला कळवळू?” सरयू म्हणाली. “जे आहे ते दिसेलच की.”

*

कातळबंदरच्या, आणि या साऱ्या किनाऱ्यावरच्या, बायकांत एक रीत होती. मोठं संकट आलं की रवळनाथाच्या देवळात जायचं, पाषाणावर हात ठेवायचा आणि आपल्याला सगळ्यात आवडतं ते, काम होईपर्यंत, सोडायचं. सरयूला विषमज्वर झाला तेव्हा तिच्या आईनं गाणं सोडलं होतं. ताप उतरेपर्यंत घरात ओवीसुद्धा ऐकू आली नाही. नियम दोनच. काय सोडलं ते काम होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. आणि सोडलं की मनातूनही सोडायचं. तोंडानं सोडून मनात चघळत बसलं, तर ते देवापर्यंत पोचत नाही.

सरयू रोज काही ना काही नेम पाळणारी. सोमवार, एकादशी, चातुर्मासात एकभुक्त. सोडणं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. बोटी बंद झाल्या त्या सकाळी ती देवळात गेली. पाषाणावर हात ठेवला तेव्हा आधी तिला चहा आठवला, मग गूळखोबरं. आणि तिच्या लक्षात आलं, की आपणही देवाशी राजधानीतल्या लोकांसारखीच घासाघीस करतोय. तिला स्वतःची लाज वाटली. मग तिनं खरं होतं ते ठेवलं.

‘करार होईपर्यंत शलाकाशी बोलणार नाही. तिचं तोंड बघणार नाही. तिला मनात घोळवणार नाही. देवा, करार होऊ दे.’

पट्टा त्यानंतर आला. ते सरकारचं काम, हे देवाचं. दोन्ही प्रामाणिकपणे करायचं, एवढंच तिनं ठरवलं. पहिले काही दिवस फोन वाजला की पाय तिकडे वळत. मग नाम आपलं आपण वर येऊ लागलं. एका तपासणीला सुनेत्रा आकडे बघत म्हणाली, “काकू, तुमचं मन किती शांत आहे! मला हेवा वाटतो.”

सरयूला बरं वाटलं. नेम नीट चालला आहे, असं तिला वाटलं.

*

करार झाला. फटाके वाजले. गावाजवळचं मासेमारीचं पाणी संपूर्ण सेलावचं झालं. संघाचे ट्रॉलर क्षितिजापलीकडे जाणार होते. अंकुश टीव्हीसमोर उभाच होता. मग निवेदिकेनं पुढचं कलम वाचलं. मधल्या पाण्यावरून विनापरवाना ये-जा कायमची बंद. परवाने सोडतीनं, तेही व्यापारी आणि रुग्णांना आधी.

“हे कसं झालं?” तो म्हणाला. “हे कसं झालं? संघाला तर ये-जा चालत होती! त्यांचीच तर मागणी होती ती!”

सुनेत्रा दुपारी आली. तिचा चेहरा उतरला होता. चपला काढून ती ओटीवरच बसली.

“ये-जा राखायची तर थोडं पाणी सोडावं लागणार होतं, काका. ज्यांच्या लेकी तिरेनला आहेत त्यांची ओढ प्रचंड निघेल, आणि ती तराजूत पडली की ये-जा राहील, असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. बापांची निघाली, भावांची निघाली. पण आयांची निघालीच नाही. या किनाऱ्यावरच्या आयांची तर जवळजवळ शून्य. यंत्र बिघडलं म्हणून आम्ही तीनदा तपासलं.”

“माझ्या मनगटाला बांधायचा होता!” अंकुश ओरडला. “फाटून गेला असता तो पट्टा!” मग त्यानं सरयूकडे पाहिलं. “शून्य? तुझं?”

सरयूनं पदर सावरला. करार झाला होता. आता सांगायला हरकत नव्हती. पण ती उठली आणि देवळाकडे निघाली.

देवळात आधीच बायका जमल्या होत्या. ज्यांच्या मनगटाला पट्टा होता त्या सगळ्या, किनाऱ्यावरच्या वरच्या वाडीतल्या, खालच्या वाडीतल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. छबूमावशी खांबाला टेकून बसली होती. एरवी तिचं तोंड मिटत नसे.

“मावशी,” सरयू म्हणाली, “तुम्ही काय सोडलंत?”

“तुला गं कशाला भोचक चौकशा?” छबूमावशीनं सवयीनं फटकारलं. मग हळूच म्हणाली, “नात. तिचं ते बोबडं ‘आज्जे, आज्जे’. फोनवर येऊ लागलं की मी कोंबड्यांना हाकलायला मागच्या दारी जायची. कोंबड्या कुठायत माझ्याकडे आता? दोन वर्षं झाली, एक नाही उरली.”

कुणीतरी हसलं, आणि ते हसू मध्येच मोडून सगळ्या देवळात रडणं पसरलं. सगळ्यांनी तेच केलं होतं. प्रत्येकीला वाटलं होतं, एवढं मोठं आपणच एकटीनं ठेवलं.

*

संध्याकाळी फोन वाजला. सरयूनं स्वतः उचलला. पडद्यावर शलाका दिसली. गाल भरले होते, डोळ्यांखाली काळं झालं होतं. केवढी दिसते आईसारखी, सरयूच्या मनात आलं, माझ्या आईसारखी.

“आज बोलतेस?” शलाका म्हणाली.

“शले, ऐक. मी सोडलं होतं तुला. देवळात. करार होईपर्यंत. म्हणून बोलत नव्हते गं.”



“इथं बातम्यांत सकाळपासून तेच चाललंय,” शलाका म्हणाली. “सेलावच्या आयांना मोजून बघितलं म्हणून. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण आज त्यांनी मला शिरा करून दिला, आपणहून. दया आली त्यांना माझी. ती दया नाही सोसली मला.”

“बाळा...”

“मी सगळ्यांना सांगितलंय, यंत्र चुकलं. माझी आई तशी नाही. चुकलं ना आई? नुसती बोलली नाहीस. मनात होते ना मी? तुळशीपाशी बसून माझाच विचार करायचीस ना?”

अंकुश मागून खुणा करत होता, हो म्हण, हो म्हण.

सरयूनं आयुष्यात खोटं बोलायचं टाळलं होतं. आणि इथं खोटं बोलणं म्हणजे देवापुढं ठेवलेलं परत उचलून घेणं.

“नव्हतीस,” ती म्हणाली. “मनातूनही काढलं होतं मी तुला. तसंच करावं लागतं. तुझ्यासाठीच...”

“माझे पाय सुजलेत आई,” शलाका हळू आवाजात म्हणाली. “रोज तो फोन लावताना वाटायचं, आज येईल. आणि तू मला नामानं पुसत होतीस.”

फोन बंद झाला. अंकुश न जेवता उठून होडीघराकडे गेला. जाताना दारात थांबला, म्हणाला, “एक खोटं बोलली असतीस तर तुझा देव बुडाला नसता.”

*

करारात एक फट होती. एखाद्या गटाचा आकडा त्याच्या परिस्थितीशी विसंगत असेल, तर एकदा फेरमोजणी मागता येई. सुनेत्रानं ती मागितली. बायकांकडून ऐकलेल्या या रीतीबद्दल तिनं अहवालात लिहिलं. राजधानीतल्या तज्ज्ञांनी ते दोनदा वाचलं आणि परवानगी दिली. किनाऱ्यावरच्या आयांना पुन्हा पट्टे बांधले गेले. ठरल्या दिवशी सूर्यास्ताला मोजणी बंद, मग पुन्हा कधीही नाही.

सरयूनं नाम बंद केलं. व्रतं बंद केली. पहाटे अंघोळ करून ती देवापुढे बसायची ती आता शलाकाच्या फोटोंपुढे बसू लागली. शाळेतला, साखरपुड्यातला, पहिल्यांदा साडी नेसून अडखळली तेव्हाचा. ‘माझी आहे, माझी आहे,’ असं ती मनात म्हणे. पट्ट्यावरचा ठिपका लाल होई.

“हे लाल म्हणजे भीती, काकू,” सुनेत्रा सांगे. “आकडा चढेल की नाही याची भीती. यंत्र ती वजा करतं. खाली ओढ असणार, पण वर भीती इतकी आहे की ती दिसतच नाही. सगळ्याजणींचं तसंच झालंय. तुम्ही मोजणी विसरा.”

“कशी विसरू?”



शलाकाचा फोन त्या दिवसानंतर आला नव्हता. सरयू लावी, तिकडून उचलला जात नसे. जावई अंकुशला तब्येत कळवी, तेवढंच.

शेवटच्या दिवशी सुनेत्रा घरोघर पट्टे गोळा करत सगळ्यात शेवटी सरयूकडे आली. सूर्य समुद्राला टेकला होता. तिनं हातातल्या यंत्रावर आकडा पाहिला. तो चढला नव्हता. पट्टा सोडवून पेटीत ठेवला, पेटीवर सील लावलं. पलीकडे तिरेनचे दिवे लागू लागले होते.

“चहा घे,” सरयू म्हणाली. “उन्हातान्हाची फिरतेस.”

“काकू, मला माफ करा.”

“तुझं काय चुकलं गं? आलं घालू ना?”

आधण उकळत होतं तेव्हा फोन वाजला. होडीघरातून नुकताच आलेला अंकुश पुढे झाला, पडदा पाहिला आणि त्यानं तो सरयूपुढे धरला.

पडदा अंधारा होता. आवाज तेवढा आला, घोगरा, दमलेला.

“आई. मुलगा झाला.”

आणि तिच्या आवाजामागे ते रडणं. पातळ, रागावलेलं, मध्येच श्वास घ्यायला थांबणारं.

सरयूचा चेहरा होता तसाच राहिला. पण सुनेत्रानं तिचा हात पाहिला. रिकामा डावा हात ओट्यावरून उचलला गेला होता आणि हवेत काहीतरी धरत होता. बोटं मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती. सरयूला त्याचा पत्ता नव्हता.

सुनेत्रानं घड्याळाकडे पाहिलं. खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. तांबूस रेघ तेवढी उरली होती. तिनं पेटीचं सील फोडलं, पट्टा काढला आणि तो त्या मनगटावर बांधला. मोजणी बंद झालेली होती. राजधानीत तो आकडा घेणारं आता कुणी नव्हतं. तिच्या हातातल्या यंत्रावर तो चढू लागला. तिनं आजवर ज्याला सगळ्यात वरचा समजलं होतं तिथं पोचला, तिथून वर गेला, आणखी वर गेला, आणि मग यंत्रानं आकडा दाखवायचंच सोडून दिलं. सुनेत्रा तिथंच चुलीपाशी खाली बसली आणि तोंडावर ओढणी दाबून हुंदके देऊ लागली.

“आई,” फोनमधून शलाका म्हणाली, “रडतंय कोण तिकडे?”

“कुणी नाही गं, ती पट्टेवाली पोर आलीय चहाला,” सरयू म्हणाली. “तू मला सांग, वारं फार आहे आज पाण्यावर. डोकं झाकलंयस ना त्याचं?”